चूर्णाने गोळ्या सुटतील का? मधुमेह, बीपी आणि गुडघेदुखीत औषधी वनस्पतींचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे. बारा वर्षांपासून टाइप २ मधुमेह, त्यानंतर बीपी, आणि आता गुडघे झिजलेले. साखरेसाठी सकाळी ग्लायमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. एचबीए१सी (साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ७.८. ओळखीतून मिळालेले एक चूर्ण महिनाभरापासून दोन वेळा एकेक चमचा चालू आहे. त्यात मेथी, गुडमार, कारले, हळद, अश्वगंधा आणि ज्येष्ठमध समभाग आहेत असे देणाऱ्याने सांगितले. गुडघ्यांना तिसऱ्या दिवशीच आराम पडला, साखर मात्र वाढलेली दिसते. हेच चालू ठेवून गोळ्या बंद करता येतील का, असे तुम्ही विचारले आहे.

वनस्पतींत दम आहे की नाही, हा इथला खरा प्रश्न नाही. दम आहेच. कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, किती वजनाचा, कोणत्या तक्रारीसाठी, आणि फरक पडला हे कोणत्या आकड्यावरून ओळखायचे, हा प्रश्न आहे. त्याकडे येतो, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल तातडीने सांगायला हवे.

गुडघ्याला तीन दिवसांत आराम आणि त्याच काळात साखर वर, ही जोडी मला अजिबात आवडलेली नाही. तुम्ही लिहिलेल्या सहाही वनस्पतींपैकी एकही झिजलेल्या गुडघ्याला एवढ्या लवकर हलके करत नाही. चूर्णात स्टिरॉइड मिसळलेले असेल तर नेमके असेच होते: दुखणे झपाट्याने ओसरते, भूक वाढते, चेहरा भरल्यासारखा दिसतो, जेवणानंतरची साखर चढते आणि बीपीही वर सरकते. डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक मिसळलेले असेल तरी गुडघा लवकर हलका होतो. त्यात साखर फारशी हलत नाही, पण बीपी आणि मूत्रपिंडावर ताण येतो. चूर्णात स्टिरॉइड आहेच असे मी इथे बसून म्हणणार नाही, पण ते नाही हे सिद्ध होईपर्यंत आहे असेच धरून वागा.

म्हणजे काय करायचे? चूर्ण आपल्या मनाने एकदम तोडू नका. बाहेरून स्टिरॉइड तीन-चार आठवडे मिळत राहिले की शरीराची अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी स्वतःचे स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवण्याचे काम मंद करते. अशात पुरवठा अचानक थांबला तर प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर आणि बीपी कोसळणे असे गंभीर प्रकार होऊ शकतात. उद्या, फार तर परवा, पुडीसकट वडिलांना डॉक्टरांकडे न्या आणि शंका स्पष्ट शब्दांत सांगा. सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉल तपासणी, पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृतासाठी एसजीपीटी एवढे करून घेण्याबद्दल विचारा. कॉर्टिसॉलचा आकडा चूर्ण चालू आहे हे लक्षात घेऊन वाचायचा असतो, आणि काही स्टिरॉइडे या तपासणीत स्वतःच कॉर्टिसॉल म्हणून मोजली जातात, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या. पन्नासेक ग्रॅम चूर्ण हवाबंद डबीत वेगळे ठेवा, प्रयोगशाळेत तपासायची वेळ आली तर लागेल. मधल्या काळात वर सांगितलेली लक्षणे दिसली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आता मूळ मुद्दा. वडिलांची मेटफॉर्मिनची गोळी स्वतःच एका वनस्पतीच्या घराण्यातली आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या झुडपातल्या गॅलेजिन या घटकाने साखर उतरते हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळले होते. पण गॅलेजिन विषारी होते. त्याच्या जवळच्या नात्यातला, पण सुरक्षित रेणू रसायनशाळेत बनला, आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ स्टर्न यांनी तो रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. तोच मेटफॉर्मिन. वनस्पती एका बाजूला आणि गोळी दुसऱ्या बाजूला अशी भांडणाची मांडणी म्हणूनच मला पटत नाही. गोळीत प्रत्येक वेळी ५०० मिलिग्रॅमच असते, झाडाच्या पानात किती ते जमीन, हंगाम आणि साठवण ठरवते. वनस्पतीचा उपयोग करून घ्यायचा तर हे मोजमापाचे काम आपल्याला करावे लागते.

तुमच्या चूर्णापुरते ते करून पाहू. चहाचा सपाट चमचा साधारण ३ ग्रॅम धरला तर दिवसाला ६ ग्रॅम चूर्ण पोटात जाते. सहा घटक समभाग, म्हणजे प्रत्येकी १ ग्रॅम.

मेथी १ ग्रॅम. साखरेवर परिणाम दिसलेल्या बहुतेक चाचण्यांत मेथीच्या बियांची पूड दिवसाला ५ ग्रॅमपासून पुढे होती. गुडमारच्या पानांच्या चूर्णाची परंपरागत मात्रा ३ ते ६ ग्रॅम, इथे १ ग्रॅम. हळद १ ग्रॅम, तिच्यात करक्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ३० मिलिग्रॅम. गुडघ्यांसाठी हळदीचा जो अर्क अभ्यासला गेला तो दिवसाला १,००० ते १,५०० मिलिग्रॅम, तोही घट्ट केलेला. अश्वगंधाही परंपरागत मात्रेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही.

ज्येष्ठमधाचे गणित मात्र उलटे आहे. त्याच्या मुळात ग्लिसिरायझिन असते, चांगल्या प्रतीच्या मुळात ४ टक्के किंवा त्याहून जास्त. १ ग्रॅममध्ये ४० मिलिग्रॅम तरी आलेच. मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) असते, ग्लिसिरायझिन त्यालाच अडवते. मग कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखे वागू लागते: मीठ आणि पाणी साचते, पोटॅशियम बाहेर जाते, बीपी वाढते. स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी तरुणांनासुद्धा दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन दोन आठवडे दिल्यावर वरचे बीपी सरासरी ३ मिलिमीटरने चढले होते. वडील घशासाठी किंवा आम्लपित्तासाठी ज्येष्ठमध वेगळे चघळत असतील तर ते १०० मिलिग्रॅम सहज गाठतील. बीपीचा रोगी, त्यात लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठीचे डिगॉक्सिन चालू असेल, तर ज्येष्ठमध पूर्ण वर्ज्य, कारण पोटॅशियम घसरले की हृदयाची लय बिघडते.

थोडक्यात, या मिश्रणात फायद्याचे घटक कामाच्या मात्रेपर्यंत पोचत नाहीत आणि नुकसानीच्या घटकाला तेवढी मात्रा लागतच नाही. सगळे थोडे थोडे घातलेल्या चूर्णांचा हा नेहमीचा दोष आहे. शिवाय पुरळ उठले किंवा यकृताचा आकडा वाढला, तर सहांपैकी कुणामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून मी एका वेळी एकच वनस्पती या नियमावर अडून बसतो.

वनस्पतींवर किती भिस्त ठेवायची हे आजारावर अवलंबून आहे. टाइप १ मधुमेहात इन्शुलिनला, थायरॉइड कमी असताना थायरॉक्सिनला, फिट्सच्या गोळ्यांना आणि दम्याच्या रोजच्या इनहेलरला कोणतीही वनस्पती पर्याय नाही. तिथे प्रयोग करूच नये. टाइप २ मधुमेह, सौम्य बीपी, कोलेस्टेरॉल, बद्धकोष्ठता, झिजेचा संधिवात यांत गोळ्यांच्या जोडीला वनस्पतीने थोडा, पण मोजता येईल असा फरक पडू शकतो. क्रिएटिनिन आधीच वाढलेले असेल, यकृताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टर, मग वनस्पती.

वडिलांच्या साखरेसाठी मी सुरुवात मेथीनेच करेन. चूर्णाचा निकाल लागला, साखर पूर्वीच्या पातळीवर स्थिरावली, की मग. मेथीच्या बियांत निम्म्याच्या आसपास तंतू असतात. त्यातला विरघळणारा भाग, गॅलॅक्टोमॅनन, पाण्यात फुगून दाट बुळबुळीत होतो, आतड्यात साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो. म्हणून मेथीचा फायदा सर्वांत आधी जेवणानंतरच्या साखरेत दिसतो. बिया रात्री भिजवून सकाळी नुसते वरचे पाणी पिण्याची पद्धत याच कारणाने वाया जाते: बहुतेक तंतू बियांतच राहतात. बिया अख्ख्या गिळल्या तरी त्या पुरत्या उघडत नाहीत.

कृती अशी. बिया निवडून जाडसर दळा, पंधरा दिवसांपुरत्याच, कारण पूड जुनी झाली की खवट होते. पहिला आठवडा रात्रीच्या जेवणाआधी फक्त अडीच ग्रॅम. दुसऱ्या आठवड्यात रात्री ५ ग्रॅम. काही त्रास नसेल तर तिसऱ्या आठवड्यापासून दुपारी आणि रात्री ५-५ ग्रॅम. चमच्यावर विसंबू नका, दळणाच्या जाडीप्रमाणे चमच्यात बरीच तफावत पडते, छोटा डिजिटल काटा घ्या. पूड २०० मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटे भिजवायची, दाटसर झाली की जेवणाआधी वीसेक मिनिटे प्यायची. कोरडी पूड तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिऊ नये, घशात फुगून अडकू शकते. दुपार आणि रात्र मुद्दाम निवडली, म्हणजे सकाळच्या ग्लायमेपिराइडच्या शोषणात ती आड येत नाही. मेटफॉर्मिन जेवणानंतरच ठेवा. कुणाला थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि मेथीत चार तासांचे अंतर हवे, नाहीतर गोळीचे शोषण घटते.

बिघडते ते बहुधा घाईमुळे. पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेतले की पोट फुगते, जुलाब होतात, आणि "मेथी सोसत नाही" म्हणून ती सोडून दिली जाते. घामाला आणि लघवीला गोडसर वास येतो, त्यात भीतीचे काही नाही. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी मेथी टाळावी, कूळ एकच आहे. गरोदरपणातही औषधी मात्रेत नको.

गुडमारबद्दल लोकांचा एक समज चुकीचा आहे. पान चघळल्यावर अर्धा-पाऊण तास गोड चव कळत नाही, कारण त्यातली जिम्नेमिक आम्ले जिभेवरचे गोड चव ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) अडवतात. गोड खाण्याची इच्छा आवरायला ते खरोखर कामी येते. पण चव गेली म्हणजे साखर गेली असे नव्हे. अर्काच्या छोट्या अभ्यासांत साखर उतरलेली दिसली आहे, यकृताला इजा झाल्याची तुरळक नोंदही आहे. म्हणून मेथीने पुरेसे जमत नसेल तरच, आणि दीड महिन्याने एसजीपीटी पाहूनच. कारल्याची कीर्ती मोठी, पुरावा तुटपुंजा: चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने तो अपुराच ठरवला. रस काढायचाच असेल तर बिया काढून टाका, आणि सोबत दुधी घालणार असाल तर आधी त्याची चकती चाखा. दुधी कडू लागला तर तो फेकायचाच. त्यातल्या कुकुरबिटासिनमुळे उलट्या, रक्ताचे जुलाब आणि बीपी कोसळण्यापर्यंत मजल जाते. दालचिनी रोज घेत असाल तर ती कोणती हे पाहा. जाड सालीच्या कॅसिया दालचिनीत यकृताला जड जाणारे कुमारिन बरेच असते, ६० किलो वजनाच्या माणसाने रोज सुमारे २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. पातळ, पापुद्र्यांची सिलोन दालचिनी यात बरीच निर्धोक.

बीपीसाठी माझी पसंती लाल अंबाडीच्या बोंडांच्या मांसल पाकळ्यांना. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १.२५ ग्रॅम वाळलेल्या अंबाडीचा २४० मिलिलिटर काढा दिवसातून तीनदा, सहा आठवडे दिला. वरचे बीपी सरासरी ७ मिलिमीटरने उतरले, नुसत्या रंगीत पेयाने एका मिलिमीटरच्या आसपास. त्यातले लोक बीपीच्या गोळ्या न घेणारे होते, हे विसरू नका. वडिलांना ॲम्लोडिपिन चालू आहे, तेव्हा उठताना चक्कर येते का यावर लक्ष ठेवावे लागेल. काढा आंबट असतो, साखर न घालता प्यायचा. लसणाचाही थोडा उपयोग होतो, पण पाकळी ठेचून दहा मिनिटे तशीच ठेवल्याशिवाय ॲलिसिन हा कामाचा घटक पुरेसा तयार होत नाही, आणि ठेचल्या ठेचल्या तापवली तर तो घडवणारे विकरच मरते. सर्पगंधेचे कुणी सुचवले तर थेट नकार द्या. तिच्यातल्या रेसरपिनने बीपी नक्की उतरते, एके काळी ते जगभर वापरातही होते. पण घरी दळलेल्या मुळीत किती रेसरपिन आहे ते कळत नाही, आणि मात्रा चढली की मन खचणे, नाक चोंदणे, नाडी मंदावणे, पोटात व्रण होणे असे त्रास होतात.

गुडघ्यांकडे वळू. हळदीचा प्रमाणित अर्क ५०० मिलिग्रॅम दोन ते तीन वेळा, जेवणासोबत, चार ते सहा आठवडे घेऊन पाहण्यासारखा आहे. थायलंडमधल्या एका मोठ्या चाचणीत १,५०० मिलिग्रॅम अर्काने गुडघेदुखी आयबुप्रोफेनइतकी कमी झाली होती. मात्र मिरपुडीचे पायपरिन घातलेली उत्पादने मी गोळ्या चालू असलेल्यांना देत नाही. पायपरिन करक्युमिनचे शोषण वाढवते, तसेच काही औषधांची रक्तातली पातळीही वाढवते, फिट्सवरचे फिनिटॉइन आणि बीपीवरचे प्रोप्रॅनोलॉल ही माहितीतली उदाहरणे. शिवाय हळदीमुळे यकृताला इजा झाल्याच्या ज्या नोंदी आल्या, त्यांत असे शोषण वाढवलेले प्रकार बरेच होते. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर अर्क नकोच.

खरे तर मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या माणसाच्या गुडघ्यासाठी मी आधी मिरचीपासून मिळणाऱ्या कॅप्सेसिनचे मलम सुचवेन. ०.०२५ टक्क्यांचे मलम वाटाण्याएवढे घेऊन दिवसातून तीन-चार वेळा गुडघ्यावर चोळायचे. रक्तात अगदी थोडे जाते, त्यामुळे पोटातल्या गोळ्यांशी भांडण नाही. पहिला आठवडाभर आग होते, ती हळूहळू कमी होते. वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंची संवेदना बोथट व्हायला दोन ते चार आठवडे सलग वापर लागतो. दुखेल तेव्हाच लावणारे कायम पहिल्या दिवशीच्या आगीतच अडकतात. लावल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्यांना लावू नका, चिरलेल्या कातडीवर नको, आणि वरून गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको.

कोलेस्टेरॉलचे एका दमात सांगतो. इसबगोलाचा भुसा दिवसाला १० ग्रॅमपर्यंत, भरपूर पाण्यासोबत आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडे उतरवतो. मेथी चालू असताना दोन्ही एकदम नकोत. गुग्गुळाचा बोलबाला असला तरी २००३ मधल्या अमेरिकी चाचणीत एलडीएल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींना पुरळ उठले.

विकत घेताना पुडीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, बॅच क्रमांक आणि जड धातूंच्या तपासणीचा उल्लेख पाहा. अर्क असेल तर त्याचे प्रमाणही. "१० : १, ५०० मिलिग्रॅम" म्हणजे मूळ ५ ग्रॅम वनस्पती. हळद अति झगझगीत पिवळी असेल तर शिशाच्या रंगाची भेसळ असू शकते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बाजारातल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. नाव नसलेली, "गुप्त फॉर्म्युल्याची" पुडी कितीही विश्वासाच्या माणसाने दिली तरी घेऊ नये.

आणि गोळ्या कमी होतील का? होऊ शकतात, पण क्रम ठरलेला असावा. मेथी सुरू करण्याआधी आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर लिहून ठेवा. बीपी पाच मिनिटे शांत बसून, सकाळ-संध्याकाळ, दोन-दोन वेळा मोजा. एचबीए१सी आणि एसजीपीटी नोंदवून ठेवा. मग बारा आठवडे इतर काहीही न बदलता एकच वनस्पती. त्याआधी एचबीए१सी पुन्हा करण्यात अर्थ नाही, तो दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. ०.२ चा फरक तपासणीतही पडतो, ०.५ उतरले तर ते खरे समजा. या काळात साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड जाणवली, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, जेवणाची शिसारी यांपैकी काही दिसले तर वनस्पती तिथेच थांबवा.

आकडे खरोखर उतरले तर डॉक्टरांशी आधी ग्लायमेपिराइडबद्दल बोला, कारण साखर धोकादायक खाली नेणारी गोळी तीच आहे. ती कमी केली तर पुढचे दोन आठवडे रोज मोजायचे, आकडे टिकले तरच पुढचे पाऊल. मेटफॉर्मिन शेवटपर्यंत राहू द्या. एकट्याने ती साखर फारशी खाली पाडत नाही, आणि मूत्रपिंडे ठीक असतील तर ती काढण्याची घाई करण्याचे कारण नाही. ॲम्लोडिपिनचा विचार घरची महिनाभराची नोंद सलग १३०/८० च्या खाली असेल तेव्हाच, आणि तोही ज्येष्ठमध बंद होऊन दोन-तीन आठवडे उलटल्यावर. त्याचा परिणाम लगेच ओसरत नाही, त्याआधीचे आकडे फसवे असतात.